बांगड्यांचा कॅरेट आणि मुद्रितातला कॅरेट

समजा, झवेरी बाजारातल्या एखाद्या पेढीची जाहिरात गिरगावातल्या मुद्रितशोधकाकडे तपासायला आली आणि तिच्यात ‘२२ कॅरेटच्या बांगड्या’ऐवजी ‘२ कॅरेटच्या बांगड्या’ असे पडले आहे. शोधक त्या एकट्या २ च्या शेजारी, ओळीच्या तळाशी, वर टोक असलेली बारीक खूण करील आणि गळलेला २ समासात लिहील. या खुणेचे इंग्रजी नावही कॅरेटच. इंग्रजीत दोन्ही शब्दांच्या वर्णांत एका स्वराचा फरक आहे. देवनागरीत तोही उरत नाही, म्हणून दोहोंचे कूळ एकच असावे असा समज सहज होतो. तो चुकीचा आहे.

सोन्याचा कॅरेट झाडावरून आला. कॅरोब या झाडाच्या शेंगेच्या शिंगासारख्या आकारावरून ग्रीकांनी तिच्या बीला ‘लहान शिंग’ अशा अर्थाचे नाव दिले, आणि तोच शब्द अरबीत ‘किरात’ होऊन पुढे युरोपात गेला. सॉलिडस या रोमन सुवर्णनाण्याचे वजन अशा २४ बियांइतके धरत. शुद्ध सोन्याचे २४ भाग मानण्याची रीत त्या हिशेबाशी जोडली जाते. त्या रीतीने २२ कॅरेट म्हणजे सुमारे ९१.६ टक्के सोने, आणि जाहिरातीतल्या २ कॅरेटच्या बांगडीत जेमतेम बारावा हिस्सा. हिऱ्याचा कॅरेट मात्र शुद्धता सांगत नाही, वजन सांगतो: १९०७ पासून २०० मिलिग्रॅम.

मुद्रितातला कॅरेट हे लॅटिन क्रियापद असून ‘उणे आहे’ एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे ती इवलीशी खूण स्वतःच एक पूर्ण वाक्य आहे. आपल्याकडे हस्तलिखित पोथ्यांत गळलेली अक्षरे दाखवण्यासाठी अशीच खूण करीत आणि तिला आकारावरून काकपद किंवा हंसपद म्हणत. (पाऊल कावळ्याचे की हंसाचे, हे बहुधा लेखनिकाच्या हातावर ठरत असावे.) देवनागरीत शिरोरेघेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार यांची दाटी असल्याने ही खूण तळाशी केलेलीच बरी; वर केली तर जुळाऱ्याला (छपाईसाठी मजकूर जुळवणाऱ्याला) ती अनुस्वाराची किंवा मात्रेची दुरुस्ती वाटू शकते. संगणकाच्या कळफलकावर ६ च्या कळीवर दिसणाऱ्या टोपीलाही कॅरेट म्हणतात, पण ते मुळात फ्रेंचसारख्या भाषांत स्वरांवर द्यायचे चिन्ह आहे.

मराठी मुद्रितशोधकाने ‘काकपद’ म्हटले, तर सोनाराच्या जाहिरातीवरही घोटाळा होत नाही.