सिंकखाली ओल दिसली तर…

ट्रॉलीचा दरवाजा उघडला की कुबट वास, कचऱ्याच्या डब्याखाली फुगलेला प्लाय, कडेनं सुटलेला सनमायका. आम्हा प्लंबरांना फोन येतो तो बहुतेक वेळा या टप्प्यावर. पाणी मात्र कित्येक आठवड्यांपासून झिरपत असतं, आणि सुरुवातीला एका वॉशरवर काम भागलं असतं. हे पाहून आम्हालाही वाईट वाटतं, म्हणून हे माहितीपत्रक.

पाणी जिथं साचलंय तिथंच गळतंय, असं समजू नका. थेंब पाइपच्या मागच्या अंगानं ओघळतो आणि सगळ्यात खालच्या वळणावरून पडतो. बॉटल ट्रॅपखाली (सिंकखालच्या सांडपाण्याच्या पाइपातलं बाटलीसारखं भांडं) डबकं दिसलं म्हणून ट्रॅप बदलायची घाई नको.

आधी गळणारं पाणी नळाकडे येणारं की सिंकमधून बाहेर जाणारं, ते ओळखा. अँगल कॉकपासून (सिंकखाली भिंतीवरचा छोटा वॉल्व्ह) नळापर्यंत आणि आरओच्या बारीक नळीत पाण्यावर सतत दाब असतो. गच्चीवरच्या टाकीपासून दर दहा मीटर खाली हा दाब चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलोनं वाढतो, म्हणून खालच्या मजल्यांवर ही गळती जोरात असते. सेकंदाला एक थेंब पडला तरी दिवसाला चार लिटरांहून जास्त पाणी जातं. जाळीखालच्या कपलिंगपासून (सिंकच्या भोकात बसवलेला जोड) पुढचं पाणी मात्र सिंक वापरतानाच वाहतं.

रात्री भांडी झाली की सिंकखालचं सगळं सामान काढा, जुन्या सुती कापडानं पाइप कोरडे पुसा आणि तळाशी वर्तमानपत्र पसरा. सकाळी नळ उघडण्याआधी कागद बघा. भिजला असेल तर येणाऱ्या बाजूला गळती आहे. पितळी नटाभोवती हिरवट-पांढरी कड दिसली, तर थेंब बहुधा तिथलाच.

कागद कोरडा निघाला तर जाळीला बूच लावून सिंक भरा. भरलेलं असतानाच खाली ठिबकलं तर कपलिंगचं रबर गेलंय. बूच काढल्यावर ठिबकलं तर ट्रॅप किंवा वेस्ट पाइप. दोन्ही वेळा कोरडंच राहिलं, तर सिंकच्या कडेनं ओट्यावर मगभर पाणी ओता. आता ठिबकलं तर सिंकभोवतीचं सिलिकॉन (फट बुजवणारा रबरासारखा लेप) सुटलेलं असतं, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही.

गळती सापडली की आधी आरओचा स्विच बंद करा, मग अँगल कॉक. बोअरच्या क्षारांनी कॉक जाम झाला असेल तर पान्यानं जोर लावू नका, आतला दांडा तुटतो. किचनचा मुख्य वॉल्व्ह बंद करा. प्लॅस्टिकचे नट हातानंच आवळा. ओल्या पाइपवर एम-सील धरत नाही. त्यापेक्षा गळत्या जागेच्या जरा खाली सुती चिंधी घट्ट बांधा आणि तिचं टोक बादलीत सोडा. थेंब चिंधीवरून मुकाट बादलीत उतरतो, प्लाय वाचतो.

भात वेळल्यावरचं उकळतं पाणी थेट सिंकमध्ये ओतू नका. पीव्हीसी मऊ पडतं आणि सांधे सैल होतात. ओतायचंच असेल तर सोबत गार पाण्याचा नळ सोडा.

आम्हाला फोन करताना कागद रात्रीत भिजला की सिंक सोडल्यावर, एवढं सांगा आणि सांध्याचा जवळून एक फोटो पाठवा. म्हणजे वॉशर, कनेक्शन पाइप की कपलिंग, नेमकं तेच घेऊन माणूस येईल आणि त्याचा दुसरा हेलपाटा वाचेल.