ध्वनिमुद्रण, संपादन व मिश्रण सॉफ्टवेअरचे मध्यम स्तरावरील प्रशिक्षण (खानदेश)

संगणकावर आवाज मुद्रित करणे, तो हवा तिथे कापणे आणि तयार गाणे फाइल म्हणून बाहेर काढणे एवढे जमले की ध्वनिमुद्रण सॉफ्टवेअरचे प्राथमिक शिक्षण संपते. अनेक ट्रॅकचे सत्र शिस्तीने मांडणे, चार-पाच टेकमधून (त्याच गाण्याच्या वेगवेगळ्या मुद्रणांतून) एक सलग टेक घडवणे, गाण्याच्या लयीचा नकाशा बांधणे, बस (अनेक ट्रॅक एकत्र नेणारा मार्ग) व सेंड (ट्रॅकच्या आवाजाची प्रत दुसरीकडे पाठवणारा मार्ग) यांची रचना करणे आणि मिश्रणातील चढउतार ऑटोमेशनने, म्हणजे सॉफ्टवेअर ते आपोआप पुन्हा करील अशा रीतीने, नोंदवणे ही कौशल्ये त्यापुढच्या ज्या टप्प्यावर शिकवली जातात, त्याला मध्यम स्तरावरील प्रशिक्षण म्हणतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत अहिराणी गाणी, कानबाई या देवीची गीते, वही गायन (एक लोकगायन), लग्नातील बँडच्या चाली आणि सातपुड्यातील ढोल-पावरी (पावरी हे भोपळ्याचे फुंकवाद्य) यांचे मुद्रण आता घरगुती व छोट्या स्टुडिओंतून होते आणि त्यातले बरेचसे यूट्यूबवर प्रसिद्ध होते. प्रचलित अभ्यासक्रमांतील उदाहरणे मात्र बहुधा ड्रमसेट, गिटार आणि मेट्रोनोमवर (ठरावीक लयीचे ठोके देणाऱ्या यंत्रावर) वाजवलेल्या गाण्यांची असतात. त्यामुळे खानदेशातील शिकणाऱ्याला सॉफ्टवेअरची साधने शिकण्याबरोबरच ती आपल्या वाद्यांना व आवाजांना कशी लावायची, हेही या टप्प्यावर शिकावे लागते आणि खरा कस तिथेच लागतो.

या क्षेत्रातील प्रो टूल्स हे सॉफ्टवेअर डिजिडिझाइन कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणले. १९९५ मध्ये ती कंपनी अ‍ॅव्हिडने विकत घेतली. अ‍ॅव्हिडच्या अभ्यासक्रमांच्या मांडणीत १०१ हा प्राथमिक आणि ११० हा त्यानंतरचा टप्पा मानला जात आला आहे. क्यूबेस, लॉजिक, एफएल स्टुडिओ आणि रीपर ही इतर प्रचलित सॉफ्टवेअर होत. रीपर ६० दिवस विनामूल्य वापरून पाहता येते व त्यानंतरचा वैयक्तिक परवानाही तुलनेने स्वस्त आहे, त्यामुळे चोरीच्या प्रती वापरण्याची गरज शिकणाऱ्यालाही उरत नाही. ऑडॅसिटी पूर्णपणे मोफत असले, तरी या स्तरावरचे राउटिंग (आवाज कोणत्या मार्गाने कुठे न्यायचा याची मांडणी) शिकण्यासाठी ते अपुरे पडते. बटणांची नावे आणि जागा प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये बदलतात. ट्रॅक, बस, इन्सर्ट (ट्रॅकवरच बसवलेली प्रक्रिया), सेंड आणि ऑटोमेशन यांमागचा विचार सगळीकडे एकच असतो, म्हणून एका सॉफ्टवेअरवर पक्का हात बसलेला माणूस दुसऱ्यावर लवकर रुळतो.

मुद्रणपूर्व तयारी हा प्रशिक्षणाचा पहिला भाग असतो. बिट डेप्थमधील (आवाजाची पातळी किती बारकाईने नोंदवायची याच्या मापातील) प्रत्येक बिटमागे सुमारे ६ डेसिबलचा आवाका मिळतो. म्हणजे १६ बिटला सुमारे ९६ आणि २४ बिटला तात्त्विक दृष्ट्या १४४ डेसिबल. त्यामुळे २४ बिटवर मुद्रण करताना मीटर लालपर्यंत नेण्याची गरज नसते. सरासरी पातळी उणे १८ डेसिबलच्या (शून्य ही कमाल मर्यादा) आसपास आणि शिखरे उणे १० ते उणे ६ च्या खाली राहिली, तर गायिकेने अचानक तार सप्तकात आवाज चढवला तरी तो फाटत नाही. मुद्रणाच्या वेळी फाटलेला आवाज नंतर कोणत्याही प्लगइनने (सॉफ्टवेअरला जोडलेल्या पूरक साधनाने) पूर्ववत होत नाही, हे या टप्प्यावर शिकणाऱ्याच्या अंगवळणी पडावे लागते. बफरचे (संगणक प्रक्रियेसाठी आवाज क्षणभर साठवतो त्या साठ्याचे) गणितही इथेच समजून घ्यायचे असते. ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटला (सेकंदाला ४८,००० नमुने) १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद आणि १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे २१ मिलिसेकंदांहून अधिक. आवाज आत येताना आणि बाहेर जाताना हा विलंब दोनदा पडतो. गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागे पडल्यासारखा ऐकू आला की तो लय सोडतो आणि दोष त्याच्या तयारीला दिला जातो. म्हणून मुद्रण लहान बफरवर आणि मिश्रण मोठ्या बफरवर करण्याची सवय लावून घ्यावी.

ढोलाचे मुद्रण हा खानदेशातील प्रशिक्षणाचा सर्वांत कसोटीचा आणि सर्वांत शिकवून जाणारा धडा आहे. नंदुरबार जिल्ह्यातील होळीच्या उत्सवांत, विशेषतः अक्कलकुवा तालुक्यातील काठीच्या राजवाडी होळीत, वाजणारे मोठे ढोल दोन्ही तोंडांनी बोलतात आणि साहजिकच दोन मायक्रोफोन लावले जातात. जाड आवाजाच्या तोंडावर काठी पडते त्या क्षणी ते पान (चामडे) आत दबते, आतली हवा समोरचे पान बाहेर ढकलते. त्यामुळे एका मायक्रोफोनवरील लहर जिथे खाली जाते, तिथे दुसऱ्यावरची वर जाते. दोन्ही ट्रॅक स्वतंत्र ऐकले तर भरदार वाटतात; एकत्र वाजवले की ढोलाचे पोट नाहीसे होते आणि नुसता काठीचा खट्ट आवाज उरतो. शिकाऊ माणूस इथे ईक्यूने (निवडक स्वरपट्ट्या कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) खालचे स्वर वाढवू लागतो, परंतु जे एकमेकांत विरून गेले आहे ते वाढवून परत येत नाही. दोन्ही लहरी पडद्यावर मोठ्या करून पाहिल्या, त्यांची पहिली उसळी उलट दिशांना आहे हे ओळखले आणि एका ट्रॅकची पोलॅरिटी (लहरीची वर-खालची दिशा) पालटली, की ढोल जागेवर येतो. दूरवर ठेवलेल्या तिसऱ्या मायक्रोफोनचा प्रश्न निराळा आहे. ध्वनीला ३.४ मीटर अंतर कापायला सुमारे १० मिलिसेकंद लागतात, तेवढा तो ट्रॅक मागे असतो. तो पुढे सरकवून जुळवावा की मैदानाची खोली म्हणून तसाच ठेवावा, हा निर्णय कानाने घ्यायचा असतो. ढोल उघड्यावर वाजत असेल आणि श्रोत्याला ते मैदान जाणवायला हवे असेल, तर तसाच ठेवणे बहुधा योग्य ठरते.

संपादनात या स्तरावरचे मुख्य काम म्हणजे अनेक टेकमधून एक टेक घडवणे. एकाच ट्रॅकवर निरनिराळ्या प्लेलिस्ट, म्हणजे एकेका टेकचे थर, ठेवून प्रत्येक ओळीचा उत्तम तुकडा वर घेतला जातो आणि सांधा श्वासाच्या जागी किंवा क, ट, प यांसारख्या स्फोटक व्यंजनाच्या अगदी आधी घातला जातो. पाच-दहा मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक तुकडा विरत असताना दुसरा वर आणणे) दिला की खटका ऐकू येत नाही. स्वर लांबवलेला असताना मध्येच सांधा घातला तर आवाजाचा पोत बदलल्याचे कोणालाही कळते. टेक निवडण्यासाठी मात्र बोलीची जाण लागते. अहिराणीत ‘ळ’च्या जागी अनेकदा ‘य’ येतो, स्वरांची लांबी प्रमाण मराठीपेक्षा वेगळी पडते आणि हेल तर तालुक्यागणिक बदलतो. बोली न कळणारा संपादक नेमका अस्सल उच्चाराचा टेक चुकीचा समजून बाजूला काढतो आणि पुस्तकी उच्चाराचा टेक ठेवतो. हा दोष संगणक दाखवू शकत नाही. म्हणून संपादनाच्या वेळी गायक किंवा त्या गावचे कोणी शेजारी बसलेले असणे, हा प्रशिक्षणाचाच भाग मानला पाहिजे.

लय आणि सूर यांबाबतचा विचार हा या प्रशिक्षणाचा गाभा होय. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसणाऱ्या कानबाईपुढे बाया रात्र जागवून जी गीते म्हणतात, त्यांची लय पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत एकसारखी राहत नाही. ती गाणाऱ्यांच्या उत्साहाबरोबर चढते आणि दमसास संपत आला की किंचित सैल पडते. अशा गीताला ठरावीक टेम्पोच्या ग्रिडवर (समान अंतराच्या ठोक्यांच्या चौकटीवर) ओढून बसवले तर प्रत्येक ठोका बरोबर येतो आणि गाण्यातला जीव जातो. याउलट जी पद्धत मध्यम स्तरावर शिकवायला हवी, तिच्यात गाणे आहे तसेच ठेवून प्रत्येक समेवर खूण केली जाते आणि त्या खुणांवरून सॉफ्टवेअरला टेम्पोचा नकाशा बांधायला लावले जाते. एकदा ग्रिड गाण्यामागे चालू लागली, की नंतर जोडायची ढोलकी, सिंथेसायझरची धून किंवा लूप त्याच लयीने वाकते. हे काम वेळखाऊ आहे, चार मिनिटांच्या गाण्याला शंभराहून अधिक खुणा सहज कराव्या लागतात, तरी त्याला पर्याय नाही.

सुराचेही तसेच. पेटीवाला ‘काळी एक’ म्हणतो तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये सी शार्प निवडायचा असतो आणि ‘काळी चार’ म्हणतो तेव्हा जी शार्प, एवढे भाषांतर आधी पाठ हवे. त्यानंतरचा प्रश्न अधिक नाजूक आहे. १९९७ मध्ये आलेल्या ऑटोट्यूनपासून सूरदुरुस्तीची जी साधने प्रचलित झाली, ती मुळात सप्तकाचे समान बारा भाग गृहीत धरून चालतात. पेटी त्या मोजमापात बसते; वाळलेल्या भोपळ्याची, अखंड आस (सलग घुमणारा नाद) धरून वाजणारी पावरी बसत नाही आणि पावरीच्या आसेवर गाणारा गळाही बसत नाही. पावरीसोबतचा आवाज आपोआप दुरुस्तीला लावला, तर तो यंत्राच्या हिशेबाने सुरात येतो आणि पावरीशी बेसूर होतो. अशा वेळी दुरुस्ती एकेका स्वरापुरती, हाताने आणि पावरीला प्रमाण मानून करावी किंवा करूच नये.

मिश्रणाच्या भागात राउटिंगला सर्वाधिक वेळ द्यावा लागतो. तालवाद्यांची एक बस, कोरसची एक, मुख्य आवाज वेगळा आणि रिव्हर्बसाठी (घुमाऱ्याच्या परिणामासाठी) एक ऑक्स ट्रॅक (सेंडमधून आलेला आवाज घेणारा पूरक ट्रॅक), एवढी मांडणी बहुतेक गाण्यांना पुरते. गायकाच्या हेडफोनकडे जाणारा सेंड फेडरच्या (पातळीच्या सरकपट्टीच्या) आधीचा आणि रिव्हर्बकडे जाणारा फेडरच्या नंतरचा असावा, नाहीतर फेडर खाली घेतल्यावरही आवाजाची सावली मागे राहते. संबळ किंवा ढोलकीवर कॉम्प्रेसर (मोठा आवाज आवरणारे साधन) लावताना अ‍ॅटॅक (आवरणे सुरू होण्याआधीचा वेळ) २० ते ३० मिलिसेकंद ठेवला तर थाप निसटून पुढे येते आणि मागची आस आवरली जाते. एक-दोन मिलिसेकंदांवर ठेवला तर थापच चेपली जाते. पेटी आणि गळा यांची झटापट मधल्या पट्टीत होते, तिथे पेटी दोन-तीन डेसिबलने उतरवली की शब्द स्वच्छ होतात. ऑटोमेशनच्या पद्धतींपैकी ‘रीड’ फक्त नोंद वाचते, ‘टच’ फेडर सोडताच जुन्या जागी परतते, ‘लॅच’ सोडलेल्या जागीच थांबते आणि ‘राइट’ वाटेत येईल ते सर्व पुसून नवे लिहिते. या शेवटच्या पद्धतीपासून शिकणाऱ्याने लांबच राहावे.

तयार मिश्रण कमी आवाजावर ऐकावे, कारण आवाज मोठा केला की कानाला खर्ज व तार दोन्ही अधिक जाणवतात; फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे प्रयोगाने मांडले. खानदेशात मोनोमधील (दोन्ही बाजू एकाच वाहिनीत मिसळून केलेल्या) तपासणीला विशेष महत्त्व आहे. मंदिरावरचा कर्णा आणि वरातीतली बँडची गाडी ही गाणे ऐकण्याची मोठी ठिकाणे आहेत, आणि तिथे स्टिरिओ सहसा उरत नाही. यूट्यूब आवाजाची पातळी सुमारे उणे १४ लफ्सपर्यंत (लफ्स हे कानाला जाणवणाऱ्या आवाजाचे माप) खाली आणते, त्यामुळे लिमिटरने (आवाजाला कमाल मर्यादा घालणाऱ्या साधनाने) गाणे दाबून मोठे करण्याचा तिथे उपयोग होत नाही. दबलेपण मात्र टिकून राहते.

हवामान आणि वीज या दोन गोष्टी इथल्या सरावात धरूनच चालाव्या लागतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, कूलर व पंखा बंद करून दुपारी गाणे शक्य नसते आणि चालू ठेवले तर त्यांची घरघर प्रत्येक टेकमध्ये येते. म्हणून उन्हाळ्यात मुद्रण पहाटे किंवा रात्री ठेवतात. वीजपुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने अर्थिंग नीट नसलेल्या घरात ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर घुरघुर ऐकू येते. ती नॉच फिल्टरने (एकच अरुंद पट्टी गाळणाऱ्या साधनाने) काढता येते, पण सोबत ढोलाचा काही भागही जातो, तेव्हा अर्थिंग दुरुस्त करणे हाच खरा उपाय. भिंतींवर गाद्या-गोधड्या टांगल्याने वरच्या पट्टीतला घुमारा शोषला जातो. खालच्या पट्टीला त्यांचा फरक पडत नाही, कारण १०० हर्ट्झची लहरच सुमारे ३.४ मीटर लांब असते. तिथे जाड रॉकवूल (दगडी धाग्यांचे आवाजशोषक थर) आणि त्यामागे मोकळी जागा लागते.

औपचारिक शिक्षणासाठी विद्यार्थ्यांना अजूनही पुण्या-मुंबईची वाट धरावी लागते. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनिमुद्रण व ध्वनिरचनेचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. खानदेशात हे ज्ञान मुख्यतः स्टुडिओत हाताखाली काम करून मिळते. त्या पद्धतीत कान तयार होतो, परंतु शिकवणारा जे करतो त्यामागचे कारण सांगितले जाईलच असे नाही. ढोलाची पोलॅरिटी पालटली जाते, का पालटली ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी मायक्रोफोन दुसरीकडे लावला की शिकलेले उपयोगी पडत नाही.

शेवटचा विषय जतनाचा आहे आणि तो हमखास घाईत उरकला जातो. प्रकल्प पूर्ण झाल्यावर प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या अगदी आरंभापासून सलग वेव्ह फाइल म्हणून काढून ठेवला, तर वीस वर्षांनी ते सॉफ्टवेअर नसले तरी गाणे पुन्हा उघडता येते. ४८ किलोहर्ट्झ व २४ बिटला एका मोनो ट्रॅकला मिनिटाला ८.६४ मेगाबाइट जागा लागते, म्हणजे चार मिनिटांच्या चोवीस ट्रॅकच्या गाण्याला सुमारे ८३० मेगाबाइट. कानबाईच्या गीतांसाठी किंवा वही गायनासाठी मूळ, काहीही न कापलेले टेकही ठेवावेत, आणि फाइलसोबत गायकांची नावे, गाव, तारीख व पट्टी लिहिलेली असावी; एक प्रत मुद्रणाच्या जागी आणि दुसरी वेगळ्या इमारतीतल्या डिस्कवर ठेवावी.