सार्वत्रिक पाळत : कारणमीमांसा

एखाद्या संशयितापुरती न राहता सरसकट साऱ्या लोकांच्या बोलण्यावर, हालचालींवर आणि व्यवहारांवर नजर ठेवून त्यांची नोंद साठवण्याची पद्धत. तिचे मूळ काही अभ्यासक हुकूमशाही राजवटीत शोधतात, तर काही नफ्यावर चालणाऱ्या अर्थव्यवस्थेत. दोन्ही मतांना भक्कम आधार आहे. अडचण होते ती एकालाच सारे श्रेय दिले की.

पूर्व जर्मनीत खाजगी भांडवलाला फारसा वाव नव्हता. तरीही तेथील राज्य सुरक्षा मंत्रालयाकडे (श्टाझी, स्थापना १९५०) १९८९ मध्ये सुमारे ९१,००० पूर्णवेळ कर्मचारी होते, खबरी वेगळेच. टपालातली पाकिटे वाफेवर उघडायची, मजकुराची नक्कल काढायची आणि पुन्हा चिकटवून पुढे धाडायची, हे तिथले रोजचे काम होते. शेजारी, सहकारी, प्रसंगी नवरा किंवा बायकोसुद्धा खबर देत असे. या माहितीला गिऱ्हाईक नव्हते. सत्ता टिकवण्यासाठीच ती हवी होती.

उलट, फोर्ड मोटार कंपनीने १९१४ मध्ये दिवसाला पाच डॉलर देऊ केले, तेव्हा कंपनीच्या समाजशास्त्रीय विभागाचे तपासनीस कामगारांच्या घरी जाऊ लागले. घर स्वच्छ आहे का, पोटभाडेकरू ठेवलेत का, दारूवर किती पैसे जातात, शिल्लक काय पडते, सगळे लिहून घेतले जाई. शेरा वाईट पडला तर वाढीव रक्कम अडकून पडे. सरकारने हे करायला सांगितलेले नव्हते. आजच्या ऑनलाइन जाहिरात-बाजाराचा वारसा हाच आहे.

सर्वांत बोलके प्रकरण मात्र दोहोंच्या हातमिळवणीचे आहे. ‘शॅमरॉक’ मोहिमेत १९४५ ते १९७५ अशी तीस वर्षे अमेरिकी तार कंपन्या परदेशी ये-जा करणाऱ्या तारा न्यायालयीन आदेशाविना सरकारला पुरवत राहिल्या. निवडणुका नियमित होत होत्या, तरी सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने चौकशी करेपर्यंत जनतेला याचा पत्ता नव्हता. २०१३ मध्ये अमेरिकी गुप्तचर यंत्रणेसाठी कंत्राटावर काम केलेले एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या ‘प्रिझम’ या, इंटरनेट कंपन्यांकडून वापरकर्त्यांची माहिती मिळवण्याच्या सरकारी कार्यक्रमात कंपन्या बदललेल्या दिसतात, व्यवस्था ओळखीची. फरक एवढाच की आता पैसे मोजूनही काम भागते. मोबाइल कंपनीकडून एखाद्याच्या मागील ठावठिकाण्याच्या नोंदी मिळवायला सामान्यतः वॉरंट लागते, असा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निकाल दिला. तरी सरकारी यंत्रणा तशाच स्वरूपाची माहिती, लोकांच्या नोंदी गोळा करून विकणाऱ्या दलालांकडून विकत घेत असल्याचे पुढे उघडकीस आले. बाजाराने गोळा करायचे आणि सत्तेने वापरायचे, ही साखळी लक्षात न घेणारी कोणतीही मीमांसा अपुरीच आहे.

म्हणूनच माहिती कोणी जमवली याइतकेच तिचा जाब कोणाला विचारता येतो, हेही महत्त्वाचे ठरते. जर्मनीने १९९१ च्या कायद्याने नागरिकांना स्वतःविषयीची श्टाझीची फाइल वाचण्याचा हक्क दिला. युरोपीय संघात कंपन्यांकडेही आपल्याविषयीची माहिती मागता येते. अमेरिकेत मात्र सर्व खाजगी कंपन्यांना लागू होणारा असा केंद्रीय कायदा झालेला नाही.