दूध उत्पादक शेतकरी, महाराष्ट्रातील

शेती सांभाळून दोन-चार दुभती जनावरे पाळणारा आणि सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर किंवा रतिबाला दूध घालणारा शेतकरी, असा या संज्ञेचा रूढ अर्थ आहे. सरकारी कागदांत दुग्धव्यवसायाला ‘शेतीपूरक जोडधंदा’ म्हणतात. अवर्षणप्रवण तालुक्यांत मात्र चित्र बरेचदा उलटे दिसते. दर दहा दिवसांनी येणाऱ्या दूधबिलावर किराणा, मुलांची फी आणि पिकाचे खतसुद्धा भागते. तिथे जोड असते ती शेतीची. 1998 पासून दूध उत्पादनात भारत जगात पहिला आहे आणि 2023-24 मध्ये देशाचे उत्पादन सुमारे 23.9 कोटी टनांवर गेले. एवढा डोंगर प्रामुख्याने अशा लहान गोठ्यांतून उभा राहिला आहे. त्यामुळे या धंद्याचे दुखणे समजून घ्यायचे तर डेअरीच्या ताळेबंदाआधी गोठ्याचा हिशेब पाहावा लागतो.

जडणघडण

मुंबईतील गोठे शहराबाहेर नेण्यासाठी 1949 मध्ये गोरेगावला आरे दुग्धवसाहत उभी राहिली. दारा खुरोडी हे तिचे शिल्पकार. त्याच सुमारास शेजारच्या गुजरातमधील आणंदला त्रिभुवनदास पटेल आणि व्हर्गीस कुरियन यांचा सहकारी प्रयोग आकार घेत होता. या तिघांना 1963 साली एकत्रितपणे मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दोन वाटा मात्र वेगळ्या होत्या. आरेचा विचार दूध पिणाऱ्या शहरापासून सुरू झाला, आणंदचा दूध घालणाऱ्या गावापासून. महाराष्ट्रात शासकीय दूध योजनांचे जाळे पसरले आणि सहकारही रुजला. 1963 मध्ये स्थापन झालेला कोल्हापूर जिल्हा संघ, म्हणजे ‘गोकुळ’, हे त्याचे ठळक उदाहरण. राज्यभराचे एकच बळकट छत्र मात्र गुजरातसारखे उभे राहू शकले नाही. शिखर संस्था असलेल्या ‘महानंद’चे व्यवस्थापन अखेर 2024 मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे सोपवावे लागले. दरम्यान खासगी डेअऱ्यांचा वाटा वाढत गेला.

जनावरही बदलले. मणिभाई देसाई यांनी 1967 मध्ये उरुळी कांचन येथे ‘बाएफ’ या संस्थेची स्थापना केली आणि कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारात नेले. खिल्लार, डांगी, देवणी, लाल कंधारी या गायी मुख्यतः कामाच्या बैलांसाठी नावाजलेल्या. त्यांच्या शेजारी होल्स्टिन आणि जर्सी रक्ताच्या संकरित गायी आल्या. दूध कितीतरी पटींनी वाढले. सोबत उन्हाला न टिकणारे, खुराकाला चटावलेले आणि आजाराला हळवे जनावरही गोठ्यात आले.

दराचे कोडे

दुधाचा दर लिटरवर जाहीर होतो, पण पैसे फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन घटक) यांच्या टक्क्यांवर मिळतात. जाहीर दर बहुधा 3.5 फॅट व 8.5 एसएनएफ या प्रतीचा असतो. त्याखाली प्रत्येक पॉइंटला कपात. उन्हाळ्यात गाय तापली, हिरवा चारा आटला, की एसएनएफ घसरते. म्हणजे खर्च वाढतो त्याच महिन्यांत प्रत उतरते आणि पेपरात छापलेला दर पदरात पडत नाही. केंद्रावरचा दुधाचा काटा आणि प्रत मोजणारा मिल्कोमीटर यांच्या अचूकतेबद्दलचा संशय हा गावोगावच्या बोलण्यातला कायमचा विषय आहे. यंत्रांची नियमित तपासणी काटेकोर झाली तर निम्मी भांडणे मिटतील, असे म्हणायला हरकत नाही.

दराची दुसरी किल्ली भुकटीच्या बाजारात आहे. पुष्ट काळात, म्हणजे पावसाळ्यानंतर दूध वाढते तेव्हा, पिशवीतून खपत नाही ते दूध भुकटी आणि लोण्यात जाते. शंभर लिटर गायीच्या दुधातून ढोबळमानाने साडेआठ ते नऊ किलो भुकटी आणि चार किलोच्या आसपास लोणी निघते. भुकटीचा भाव किलोमागे 100 रुपयांनी पडला, तर कच्च्या दुधाच्या लिटरमागे साडेआठ-नऊ रुपयांचा खड्डा पडतो. हा साधा गुणाकार लक्षात ठेवला की पुढे येणाऱ्या पाच-सात रुपयांच्या अनुदानाची उंची नीट मोजता येते. भुकटीचा भाव देशातल्या साठ्यावर आणि जागतिक बाजारावर हलतो. गायीची कास मात्र बाजार पडला म्हणून थांबत नाही. कांदा चाळीत ठेवता येतो, संध्याकाळची धार सकाळपर्यंत घरात ठेवता येत नाही.

वैरण, माज आणि आजार

दूध उत्पादनाच्या खर्चात साठ ते सत्तर टक्के वाटा चारा-खुराकाचा धरला जातो. शरीरपोषणासाठी दीड किलोपर्यंत आणि वर गायीला दर लिटर दुधामागे सुमारे 400 ग्रॅम पशुखाद्य, हा सर्वसाधारण ठोकताळा. दहा लिटरच्या गायीला म्हणजे रोज साडेपाच किलो. हिरवी वैरण आणि कडबा वेगळा. ज्वारीचे क्षेत्र सोयाबीनने खाल्ल्यापासून कडब्याची गंजी दुर्मीळ झाली आहे. ऊसपट्ट्यात हंगामात वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, फुकटात किंवा स्वस्तात मिळते, म्हणून तेच भरपूर घातले जाते. पण वाढ्यातील ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते आणि आधीच दुधावाटे कॅल्शियम गमावणारी गाय आणखी खचते. मक्याचा मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा चारा, हा यावरचा चांगला उपाय, मात्र त्याला पाणी, कुट्टी यंत्र आणि एकदम गुंतवायचे पैसे लागतात. 2012-13 आणि 2018-19 च्या दुष्काळांत जनावरे चारा छावण्यांत नेऊन जगवावी लागली.

न दिसणारा तोटा माजाचा आहे. गाय साधारण 21 दिवसांनी माजावर येते, म्हणजे फळवण्याजोगी होते. बाहेरून न दिसणारा मुका माज हुकला किंवा रेतन करूनही गाय उलटली, म्हणजे गाभण राहिली नाही, तर तीन आठवड्यांचा खुराक वाया जातो आणि पुढचे वेत तेवढे लांबते. असे तीन-चारदा झाले की चांगल्या गायीचाही हिशेब तोट्यात जातो. हा तोटा कोणत्याही पंचनाम्यात येत नाही.

आजारांत लाळ्या खुरकूत, घटसर्प, फऱ्या हे जुने. कासदाह तर रोजचाच. केंद्राने 2019 पासून लाळ्या खुरकूत आणि ब्रुसेलोसिससाठी मोफत लसीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालवला आहे. 2022 मध्ये लम्पी चर्मरोगाने राज्य हादरले. तेव्हा शासनाने लसीकरण मोफत केले आणि दगावलेल्या दुभत्या गायीमागे 30,000, बैलामागे 25,000 व वासरामागे 16,000 रुपये भरपाई ठरवली. दुधाची गाय बाजारातून आणायला यापेक्षा बरेच अधिक मोजावे लागतात. तरीही दावणीवरचे जनावर मेल्यावर सरकारी मदत एवढ्या वेगाने पोचल्याचे दाखले आधी फारसे नव्हते. फिरत्या पशुवैद्यकीय पथकांसाठी 1962 हा क्रमांक आहे.

साहाय्याचे स्वरूप

अनुदानाचा इतिहास पैसे कोणाच्या हातात द्यायचे, या प्रश्नाभोवती फिरतो. जुलै 2018 मध्ये शेतकरी संघटनांनी मुंबईचे दूध अडवले. त्यानंतर लिटरला किमान 25 रुपये दर ठरला आणि शासनाचे पाच रुपये प्रक्रिया करणाऱ्या संस्थांमार्फत देण्यात आले. 2020 च्या टाळेबंदीत शासनाने रोज दहा लाख लिटरपर्यंत अतिरिक्त दूध 25 रुपयांनी घेऊन भुकटी करण्याची योजना राबवली. 2024 मध्ये पद्धत बदलली. जानेवारीपासून गायीच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये थेट शेतकऱ्याच्या खात्यात, डेअरीने 3.2 फॅट व 8.3 एसएनएफच्या दुधाला 27 रुपये द्यावेत ही अट. जुलैपासून 3.5 व 8.5 प्रतीला डेअरीचे 30 आणि शासनाचे पाच. ऑक्टोबरपासून डेअरीचे 28 आणि शासनाचे सात. बेरीज दोन्ही वेळा 35 च राहिली. शासनाचे दोन रुपये वाढले तसे डेअरीचे दोन कमी झाले. या वाढीचा खरा लाभार्थी कोण, हे वाचकाने स्वतः ठरवावे.

2024 च्या या थेट अनुदानासाठी आधारशी जोडलेले बँक खाते आणि जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला लागायचा. हेतू योग्य होता, कारण त्याशिवाय कागदावरच्या गायींना आळा बसत नाही. अडचण दुसरीकडे येते. शेण-घाण, धार, वैरण ही कामे बहुतेक घरांत बाई करते. संस्थेचे सभासदत्व, पासबुक आणि म्हणून अनुदानही पुरुषाच्या नावे असते. गायीची नोंद झाली, तिची धार काढणारीची राहिली. बिल्ल्यावर विमाही अवलंबून असतो. झाडाझुडपांत अडकून तो तुटला आणि नवा मारायचा राहिला, तर जनावर मेल्यावर दावा अडकतो.

भांडवलासाठीच्या योजना पुष्कळ आहेत. मनरेगाच्या जोडीने चालणाऱ्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत दोन ते सहा जनावरांच्या पक्क्या गोठ्यासाठी 77,188 रुपये धरले आहेत. पशुसंवर्धन विभागाच्या नावीन्यपूर्ण योजनेत दुधाळ जनावरांच्या गटासाठी सर्वसाधारण प्रवर्गाला 50 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना 75 टक्के अनुदान आहे. किसान क्रेडिट कार्डाची सोय पशुपालकांनाही लागू झाली आहे. राष्ट्रीय गोकुळ मिशनमधून देशी वंशाचे संवर्धन आणि लिंगनिर्धारित (कालवडच जन्मावी अशा) वीर्यमात्रांना आधार मिळतो. या सर्वांत जनावर घेण्याला पैसा आहे. ते घेतल्यानंतर रोज लागणाऱ्या पेंडीला जवळपास नाही.

भाकड जनावर

गोवधबंदी 1976 च्या कायद्याने होतीच. मार्च 2015 मध्ये ती बैल व वळूंनाही लागू झाली. तोवर भाकड किंवा म्हातारे जनावर विकून नवे घ्यायला थोडी रक्कम हाती यायची. ती वाट बरीचशी बंद झाली. संकरित गोऱ्हा शेतकामाला फारसा चालत नाही, ट्रॅक्टर आल्यापासून बैलाची गरजही कमी. त्यामुळे गोऱ्हा जन्मताच खर्चाचा धनी होतो. कालवडच व्हावी यासाठीच्या वीर्यमात्रांना मागणी आहे ती याच कारणाने. म्हशीला ही बंदी नाही, आणि अनेक शेतकरी गायीऐवजी म्हैस घेताना हे गणित मनात धरतात. पंढरपुरी, नागपुरी व मराठवाडी या राज्याच्या स्वतःच्या म्हशी. फॅट चांगले असल्याने त्यांच्या दुधाचा दर गायीच्या दुधाहून बराच वर असतो.

प्रादेशिक तफावत

कोल्हापूर, सांगली, पुणे, अहिल्यानगर, सोलापूर या पट्ट्यात दुधाची गाडी रोज येते. विदर्भ-मराठवाड्यातील अनेक गावांत ती येतच नव्हती, आणि गाडी नसेल तिथे गाय वाटून उपयोग नसतो. हे ध्यानात घेऊन राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या साह्याने 2016 मध्ये 11 जिल्ह्यांत विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्प सुरू झाला. त्याच्या दुसऱ्या टप्प्यात 19 जिल्हे आहेत. त्याआधीची जुनी वाट धाराशिव जिल्ह्यातील भूम परिसरात अजूनही दिसते. तिथे भट्टीवाला दूध विकत घेऊन लोखंडी कढईत आटवतो, कारण लांबच्या बाजारापर्यंत दूध टिकत नाही, खवा टिकतो.