हलला नाहीत तर अंधार

नागपूरला भावाने सर्वात वरच्या मजल्यावर फ्लॅट घेतला. त्यात बिल्डरने पाच बाय सहा फुटांची एक बिनखिडकीची खोली दिली आहे. माहितीपत्रकात तिचं नाव 'वॉक-इन वॉर्डरोब', आमची आई मात्र तिला कोठीची खोलीच म्हणते. अंधारात बटण चाचपायला नको म्हणून इलेक्ट्रिशियनने दारासमोरच्या भिंतीवर सेन्सरचा दिवा बसवून दिला. हिवाळाभर दिवा शहाण्यासारखा वागला. मे महिन्यात वहिनीचा फोन आला. "भाऊजी, संध्याकाळी आत गेलं तर लागतच नाही. लागला तर साडी निवडत उभी असतानाच विझतो. आणि परवा रात्री दीड वाजता आत कुणी नसताना आपोआप लागला! शेजारच्या काकू म्हणतात, उंबऱ्यावर लिंबू ठेवा."

लिंबाचं नंतर बघू. बहुतेकांची समजूत अशी असते की हा सेन्सर आत माणूस आहे का ते बघतो. त्याला 'माणूस' कळत नाही, हे एक. पण खरी गंमत म्हणजे त्याला 'आहे' हेसुद्धा कळत नाही. त्याला फक्त 'बदललं' कळतं.

आपल्या उघड्या त्वचेचं तापमान साधारण 34 अंश सेल्सिअस असतं. या तापमानाची कुठलीही वस्तू अवरक्त (इन्फ्रारेड) किरण बाहेर टाकते, आणि तापमानावरून किरणांची तरंगलांबी सांगणाऱ्या वीनच्या नियमाने हिशेब केला तर त्यांचा जोर साडेनऊ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास येतो. दिसणाऱ्या लाल प्रकाशाच्या तेरा-चौदापट लांब. म्हणजे अंधाऱ्या खोलीत आपण सगळे मंद दिव्यासारखे उजळलेले असतो, फक्त डोळ्यांना ते दिसत नाही. सेन्सर स्वतः काहीच सोडत नाही, आलेले किरण नुसते टिपतो. म्हणून त्याच्या पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड) या नावातला पहिला शब्द 'पॅसिव्ह', म्हणजे निष्क्रिय. त्यात कॅमेरा नसतो, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

आत असतो एक पायरोइलेक्ट्रिक पदार्थ, बहुधा खास सिरॅमिक किंवा लिथियम टँटॅलेटचा स्फटिक. माझा जीव याच्यावर आहे, तेव्हा थोडं रेंगाळतो. या पदार्थात धन आणि ऋण भार मुळातच एकमेकांपासून किंचित सरकलेले असतात. त्यामुळे त्याची एक बाजू कायम धन आणि दुसरी कायम ऋण असायला हवी. मग हा फुकटचा सेल का होत नाही? कारण आजूबाजूचे सुटे भार येऊन दोन्ही बाजूंना चिकटतात आणि हिशेब शून्यावर आणतात. आता तापमान जरासं वाढलं की आतलं सरकलेपण कमी होतं. पण चिकटलेल्या भारांना ही बातमी लगेच लागत नाही. तेवढ्या वेळात ते जास्तीचे ठरतात, आणि पृष्ठभागावर जोडलेल्या तारांतून क्षणभर अगदी क्षीण प्रवाह वाहतो. तापमान नव्या जागी स्थिरावलं की पुन्हा शून्य. मग स्फटिक कितीही गरम असो, गप्प. घरातला कूलर चालू असतो तेव्हा त्याचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, बंद पडला की एकदम जाणवतो. तसंच हे.

हा गुण माणसाला फार आधीपासून माहीत आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला डच व्यापाऱ्यांनी श्रीलंकेतून तुरमलीचे खडे युरोपात नेले. गरम केले की ते राख ओढून घेतात, हे पाहून त्यांचं नाव पडलं 'राखओढे'. पायरोइलेक्ट्रिसिटी हे नाव स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टरने 1824 साली दिलं. हीच तुरमली आज 'ऊर्जा देणाऱ्या' कड्यांतून आणि गाद्यांतून भरमसाट भावाने विकली जाते. अंगाला चिकटलेलं कडं दिवसभर जवळजवळ एकाच तापमानाला असतं, आणि तापमान बदललं नाही तर हा खडा काहीच करत नाही. विकणाऱ्याला एवढं विचारून बघा.

सेन्सरमध्ये असे दोन तुकडे शेजारी, पण उलटे जोडलेले असतात. सगळी खोली एकदम तापली तर दोघांचे प्रवाह एकमेकांना खोडतात. गरम वस्तू आधी एकाच्या आणि मग दुसऱ्याच्या नजरेत आली, तरच सिग्नल वर-खाली हेलकावतो. पुढचा दुधी, रेघांचा प्लास्टिकचा घुमट ही फ्रेनेल भिंगांची, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांच्या पातळ भिंगांची गोधडी असते. 1823 साली फ्रान्समधल्या कोर्दुआँच्या दीपगृहात बसलेल्या भिंगाचं हे नातवंड. एकेक भिंग खोलीची एकेक फोड सेन्सरवर आणून टाकतं, सोललेल्या संत्र्यासारखी. तुम्ही आडवे चाललात की एका फोडीतून दुसरीत जाता आणि हेलकावे उठतात. सरळ सेन्सरकडे चालत आलात तर एकाच फोडीत राहता. इलेक्ट्रिशियनने नेमकं हेच करून ठेवलं होतं : सेन्सर दारासमोर! आणि साडी निवडत स्तब्ध उभी असलेली वहिनी तर सेन्सरच्या लेखी भिंतच झाली.

आता मे महिना. त्वचेतून दर चौरस मीटरला सुमारे 504 वॅट बाहेर पडतात. भिंत 20 अंशांवर असेल तर तिच्यातून 418, म्हणजे फरक 86 वॅटचा. भिंत 30 अंशांना गेली की तिचे 478, फरक उरला 26. (तापमानाचा चौथा घात इथे काम करतो, पण ते सोडून दिलं तरी चालेल.) पश्चिमेची भिंत नागपूरच्या उन्हात तापून संध्याकाळी 34 अंशांवर आली की फरक शून्य, आणि कपड्यांनी झाकलेलं अंग तर आधीच खोलीच्या तापमानाशी मिळतंजुळतं झालेलं. सेन्सरसाठी वहिनी अदृश्य. भिंत 40 अंशांना गेली तर ती पुन्हा दिसू लागेल, या वेळी गार ठिपका म्हणून.

राहिला रात्री दीडचा प्रकार. मी विचारलं, "त्या रात्री लाईट गेली होती का?" "हो, एकच्या सुमारास गेली होती, नंतर आली." हेच ते! वीज परत आली की अशा सेन्सरला स्थिरावायला मिनिटभर लागू शकतं, आणि तोवर तो उगाच एक-दोनदा दिवा लावतो. लिंबू सरबताला ठेवा म्हटलं.

मग काय निवडायचं? खोलीला दार असेल आणि ते लावून घ्यायची सवय असेल, तर सेन्सरच्या नादी लागूच नका. चौकटीत चुंबकाचा छोटा स्विच बसवा. दार उघडलं, दिवा लागला. उन्हाळा-हिवाळा, हललं-न-हललं, काही फरक पडत नाही. फक्त आत जाऊन दार लावून घेणाऱ्यांची पंचाईत होते. दार नसेल तर पीआयआर चालेल, पण आत शिरताना डाव्या किंवा उजव्या हाताला येणाऱ्या भिंतीवर, येणारा आडवा जाईल असा. दिवा लागून राहण्याची वेळ दोन-तीन मिनिटांवर ठेवा आणि कूलरचा झोत हलत्या कपड्यांवर येऊ देऊ नका. काचेच्या कपाटाआड तर अजिबात नको : आपल्याला आरपार दिसणारी काच या किरणांना भिंत असते, आणि काळी कचऱ्याची पिशवी चक्क पारदर्शक. 24 गिगाहर्ट्झचे रडार सेन्सरही हल्ली मिळतात. ते श्वासाने हलणारी छातीसुद्धा पकडतात, पण प्लायच्या पार्टिशनपलीकडे झोपलेल्याचीही. बॅटरीवरच्या बऱ्याच दिव्यांत उजेड ओळखणारा भाग असतो. बेडरूमचा उजेड आत पडत असला की तो दिवा लागू देत नाही, आणि माणूस दुकानदाराला शिव्या देतो.

विजेची बचत हे कारण मला पटत नाही. 9 वॅटचा एलईडी आठ तास विसरला तर 0.072 युनिट, दहा रुपये दर धरला तरी 72 पैसे.

त्यापेक्षा दिव्याच्या खोक्यावरचा सीआरआय हा आकडा बघा, त्या उजेडात रंग किती खरे दिसतात ते तो सांगतो. तो 90 च्या वर हवा. स्वस्त एलईडीत लाल आणि हिरवट-निळ्या रंगांचे पट्टे दुबळे असतात. त्या उजेडात मरून आणि चॉकलेटी, गडद निळा आणि काळा सारखेच दिसतात. मॅचिंग सेंटरमध्ये बायका ब्लाऊजपीस घेऊन दाराबाहेर उन्हात येतात, त्या हेच मोजत असतात. भावाने चुंबकाचा स्विच बसवला, दिवा जुनाच ठेवला. दिवा आता वेळेवर लागतो, आणि वहिनीचा नेव्ही ब्लू ब्लाऊज अजून काळ्यांच्या गठ्ठ्यात आहे.