व्होल्टॅमेट्रीने गोळीतील पॅरासिटामॉलचे मापन

विजेचा दाब टप्प्याटप्प्याने वाढवत, इलेक्ट्रोडवर औषधाचे ऑक्सिडीकरण होताना वाहणारा प्रवाह मोजून गोळीतील औषधाचे प्रमाण काढण्याची पद्धत. हिचे मूळ यारोस्लाव्ह हेरॉव्हस्की यांच्या पोलॅरोग्राफीत (पाऱ्याच्या थेंबाचा इलेक्ट्रोड वापरणारी पद्धत, १९२२) आहे. त्यासाठी त्यांना १९५९ मध्ये नोबेल मिळाले. पॅरासिटामॉलचा प्रत्येक रेणू दोन इलेक्ट्रॉन व दोन प्रोटॉन सोडून क्विनोन-इमाइन बनतो. अतिमात्रेत यकृताला घातक ठरणारा पदार्थ तो हाच.

प्रथम २० गोळ्या एकत्र तोलतात. ५०० मिग्रॅच्या गोळ्यांचे वजन १२ ग्रॅम भरले, तर एक गोळी सरासरी ६०० मिग्रॅची. खलात बारीक केलेली ६० मिग्रॅ भुकटी, म्हणजे ५० मिग्रॅ औषध, पाण्यात हलवून १०० मिलि करतात. स्टार्च, टाल्क, मॅग्नेशियम स्टिअरेट हे घटक या दाबात प्रवाह देत नाहीत, त्यामुळे किंचित गढूळपणा चालतो. यूव्ही (अतिनील प्रकाशाचे शोषण मोजणाऱ्या) पद्धतीत मात्र द्रावण गाळून स्वच्छच लागते.

पीएच ७ च्या ९.९ मिलि फॉस्फेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) हे द्रावण १०० मायक्रोलिटर घालतात. ग्लासी कार्बन (काचेसारख्या कठीण कार्बनच्या) इलेक्ट्रोडवर ० ते ०.८ व्होल्ट स्कॅन केल्यास सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत साधारण ०.४ व्होल्टच्या आसपास पीक, म्हणजे प्रवाहाचा उंचवटा, दिसते. पीएच एकने वाढला की पीक सुमारे ५९ मिलिव्होल्ट खाली सरकते. म्हणून बफर मध्येच बदलू नये. ऑक्सिडीकरण मोजायचे असल्याने नायट्रोजन सोडावा लागत नाही. मेट्रोनिडाझोलसारख्या क्षपण होणाऱ्या (इलेक्ट्रॉन घेणाऱ्या) औषधाला मात्र विरघळलेला ऑक्सिजन आधी घालवावा लागतो.

आता शुद्ध पॅरासिटामॉलचे तेवढ्याच तीव्रतेचे द्रावण १००-१०० मायक्रोलिटर असे तीनदा घालून दर वेळी स्कॅन घेतात. वाढलेल्या आकारमानाची दुरुस्ती करून, घातलेले औषध आणि पिकाची उंची यांचा आलेख काढतात; त्याची रेषा शून्य प्रवाहापर्यंत मागे वाढवली की मूळ तीव्रता मिळते. लेबलप्रमाणे ३३.१ मायक्रोमोलर अपेक्षित असता ३२.४ आले, तर गोळीत सुमारे ४९० मिग्रॅ औषध आहे.

बहुतेक चुका इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर होतात. ऑक्सिडीकरणाची उत्पादिते तिथे चिकटतात, पुढच्या स्कॅनला पीक बुटके होते आणि औषधच कमी असल्याचा भास होतो. म्हणून प्रत्येक स्कॅनपूर्वी इलेक्ट्रोड ०.०५ मायक्रॉन अॅल्युमिनावर (घासण्याच्या बारीक भुकटीवर) इंग्रजी आठच्या आकारात घासून, भरपूर पाण्याने धुवावे. अॅल्युमिना राहिला तर घासणे वाया. स्कॅनची रेषा थरथरत असेल तर संदर्भ इलेक्ट्रोडच्या टोकाशी हवेचा बुडबुडा आहे का ते आधी पाहावे. फसफसणाऱ्या गोळीतील क जीवनसत्त्वाचे (व्हिटॅमिन सीचे) पीक साध्या कार्बनवर पॅरासिटामॉलच्या पिकात मिसळू शकते. कॅफिन बरेच वरच्या दाबाला ऑक्सिडाइज होते, म्हणून त्याचा त्रास नसतो.

२० गोळ्यांची भुकटी एकत्र केल्याने इथे फक्त सरासरी मिळते. गोळीगणिक फरक पाहायचा तर प्रत्येक गोळी वेगळी विरघळवावी लागते.