पोटॅशियम परमँगनेट : धोके व हाताळणी

पोटॅशियम परमँगनेट हे गडद जांभळ्या, जवळजवळ काळ्या, सुईसारख्या स्फटिकांचे लवण आहे. उन्हात धरले की दाण्यावर काशाच्या भांड्यासारखी झाक दिसते. विहिरीत टाकायचे लाल औषध, फोडांच्या पायांसाठी गुलाबी पाणी आणि बारावीच्या प्रयोगशाळेतली जांभळी ब्युरेट (मोजनळी), अशा तीन ओळखींनी ते बहुतेकांना भेटलेले असते. त्याच्या रेणूत पोटॅशियमचा एक, मँगनीजचा एक आणि ऑक्सिजनचे चार अणू असतात. मँगनीज इथे अधिक सात या आपल्या सर्वांत वरच्या ऑक्सिडीकरण अवस्थेत असते आणि तिथून खाली उतरायला उतावीळ असते. जे समोर येईल त्याचे ऑक्सिडीकरण करूनच, म्हणजे त्याच्याकडून इलेक्ट्रॉन काढून घेऊनच, ते उतरते. हे लवण औषध म्हणून चालते ते याच गुणामुळे, आणि आग लावते तेही याच गुणामुळे.

ग्लासभर पाण्यात एक दाणा सोडला तर तळाशी जाताना तो मागे जांभळे दोरे सोडतो आणि काही वेळाने सगळे पाणी रंगते. इतका रंग इतक्या थोड्या पदार्थातून येतो म्हणून लोक मात्रा डोळ्यांनीच मोजतात, आणि चूक इथेच होते. २० अंश सेल्सिअसला १०० मिलिलिटर पाण्यात जेमतेम ६.४ ग्रॅम विरघळते. बादली वरून छान गुलाबी दिसत असली तरी तळाला न विरघळलेले दाणे पडलेले असू शकतात, आणि पाय बुडवल्यावर भाजते ते त्या दाण्यांनी. त्वचारोगात जखम भिजवण्यासाठी दहा हजारांत एक भाग एवढे पातळ द्रावण वापरतात. ४०० मिलिग्रॅमची एक गोळी चार लिटर पाण्यात टाकली की ते प्रमाण येते. गोळी पूर्ण विरघळल्याखेरीज त्या पाण्यात अंग घालू नये.

हे लवण स्वतः जळत नाही. जळतो तो त्याचा शेजार. सुमारे २४० अंश सेल्सिअसला त्याचे विघटन होऊन ऑक्सिजन बाहेर पडतो, म्हणून जवळ लागलेली आग त्याच्या संगतीने भडकते. काही पदार्थांच्या बाबतीत तर आधी आग लागण्याचीही गरज नसते. स्फटिकांच्या ढिगावर ग्लिसरीन पडले की काही क्षण काहीच घडत नाही. मग एक बारीक धुराची रेघ उठते आणि एकदम फिकट जांभळी ज्वाळा येते. खरा दगा त्या मधल्या शांततेत आहे, कारण ‘काही झाले नाही वाटते’ म्हणून माणूस वाकून बघायला जातो, आणि नेमके तेव्हाच ते पेटते. ग्लिसरीन आणि परमँगनेट या दोन्ही बाटल्या औषधाच्या एकाच कपाटात, एकाच फळीवर सर्रास उभ्या असतात. साखर, गंधकाची पूड, ॲल्युमिनियमसारख्या धातूंचे चूर्ण, तेलकट बोळे, लाकडाचा भुसा, पेट्रोल आणि अमोनियमची लवणे हीदेखील त्याच्याजवळ ठेवायची नाहीत.

आम्लांशी त्याचे वेगळेच वैर आहे. तीव्र सल्फ्युरिक आम्लाशी गाठ पडली की मँगनीज हेप्टॉक्साइड नावाचा हिरवट तेलकट द्रव तयार होतो, आणि तो थोड्या उष्णतेने किंवा सेंद्रिय पदार्थाच्या स्पर्शाने स्फोट पावतो. म्हणून ऑक्झॅलिक आम्लाच्या अनुमापनात, म्हणजे ब्युरेटमधून परमँगनेट थेंबथेंब सोडून आम्लाचे प्रमाण मोजताना, शंकुपात्रात विरल सल्फ्युरिक आम्लच घालतात. तीव्र आणि विरल आम्लाच्या बाटल्या एका टेबलावर, सारख्याच आकाराच्या आणि पुसट झालेल्या चिठ्ठ्यांच्या असतील, तर ती व्यवस्था आधी बदलावी. हायड्रोक्लोरिक आम्लासोबत क्लोरीन वायू सुटतो. फरशी आणि संडास घासायला कॅनमधून मिळणारे ‘ॲसिड’ म्हणजे हेच आम्ल असते, तेव्हा परमँगनेटचे डाग घालवायला ते ओतणे म्हणजे बंद मोरीत क्लोरीन कोंडून घेणे.

कुक्कुटपालनात शेड आणि उबवणी यंत्रे धुरी देऊन निर्जंतुक करतात. तिथे परमँगनेटवर फॉर्मॅलिन, म्हणजे फॉर्माल्डिहाइड वायूचे पाण्यातले द्रावण, ओततात. १०० घनफूट जागेला २० ग्रॅम परमँगनेट व ४० मिलिलिटर फॉर्मॅलिन ही एकपट मात्रा, आणि गरजेप्रमाणे ती दुप्पट-तिप्पट करतात. मिश्रण उकळल्यासारखे फसफसते आणि त्या उष्णतेने फॉर्माल्डिहाइड वायू शेडभर पसरतो. इथे क्रम फार महत्त्वाचा आहे. भांड्यात आधी परमँगनेट, मग त्यावर फॉर्मॅलिन. उलट केले तर उकळी थेट हातातोंडावर येते. भांडे मातीचे किंवा इनॅमलचे, खोल आणि मिश्रणाच्या कितीतरी पट मोठे हवे. प्लास्टिकची बादली नको. त्याच्याभोवती तुसाची गादीही नको, कारण उडालेला थेंब कोरड्या तुसात धुमसत राहतो. भांडी अनेक असतील तर ओतायला सुरुवात आतल्या टोकापासून करून दाराकडे यावे. फॉर्माल्डिहाइडमुळे माणसात कर्करोग होतो, असे वर्गीकरण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये केले आहे. साधा रुमाल तोंडाला बांधून हे काम करण्यात काहीच अर्थ नाही.

शरीरात गेल्यास तोंड, घसा आणि अन्ननलिका भाजते, आणि श्वासनलिकेच्या तोंडाशी सूज येऊन गुदमरायला होऊ शकते. प्रौढ माणसाच्या जिवावर बेतायला सुमारे १० ग्रॅम पुरे मानतात. भिजवण्यासाठी दिलेल्या गोळ्या पोटात घेण्याच्या समजून रुग्णांनी गिळल्यामुळे इंग्लंडच्या आरोग्यसेवेला २०२२ मध्ये देशभर इशारा काढावा लागला. गोळीचे रूपच फसवे आहे. गिळल्यास उलटी करवू नये, कारण भाजलेल्या नळीतून ते पुन्हा वर येते. तोंड धुऊन तडक रुग्णालय गाठावे आणि वेष्टन सोबत न्यावे. डोळ्यात कण गेल्यास किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरून मग डॉक्टरकडे जावे.

औषध म्हणून त्याचा बोलबाला लंडनच्या हेन्री बोलमन काँडी यांच्या जंतुनाशक द्रवापासून, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. भारतात जंतुशास्त्रज्ञ अर्नेस्ट हॅन्किन यांनी आग्र्याहून १८९० च्या दशकात पटकीच्या साथींत विहिरींत परमँगनेट टाकण्याचा पुरस्कार केला. गावोगावच्या गुलाबी विहिरी ही त्याच विचाराची परंपरा. आज पिण्याच्या पाण्यासाठी त्याची शिफारस करत नाहीत. रंग आणि चव उरते, आणि पाण्यातल्या कुजक्या द्रव्यावरच ते बरेचसे खर्ची पडते. गावाकडे त्याची जागा टीसीएल (ब्लीचिंग) पावडरने घेतली आहे. याहून वाईट परंपरा सर्पदंशाची. लॉडर ब्रंटन आणि लेनर्ड रॉजर्स या डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दंशाच्या जागी चीर देऊन स्फटिक चोळण्याची पद्धत पुढे आणली, आणि एका टोकाला नस्तर, दुसऱ्या टोकाला स्फटिक अशी लाकडी नळीही तयार झाली. विष त्याने उतरत नाही, मांस मात्र जळते. तरीही हा उपाय सांगणारे अजून भेटतात.

वाहतुकीत हे लवण वर्ग ५.१, म्हणजे ऑक्सिडीकारक, यात मोडते. संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक १४९०. पिंपावर पिवळा चौकोन आणि त्यात वर्तुळावरची ज्वाळा असते. कोकेन शुद्ध करताना त्याचा गैरवापर होतो, म्हणून १९८८ च्या अमली पदार्थविरोधी आंतरराष्ट्रीय करारात ते नियंत्रित रसायनांपैकी आहे. साठवण थंड, कोरड्या जागी, घट्ट झाकणाच्या डब्यात. खाली लाकडी फळी नसेल तर उत्तम. काढायला कोरडा चमचा घ्यावा आणि उरलेले दाणे मूळ डब्यात परत टाकू नयेत, कारण त्यांच्याबरोबर कचरा आत जातो. आग लागलीच तर भरपूर पाणी मारावे. वाळू, कार्बन डायऑक्साइड किंवा कोरडी पूड हवा तोडण्यासाठी असते, आणि इथे ऑक्सिजन मालातूनच येत असतो.

सांडलेले स्फटिक प्लास्टिकच्या सुपलीने कोरडेच गोळा करावेत. भुसा किंवा चिंध्यांनी ते टिपू नयेत. उरलेली जागा भरपूर पाण्याने धुवावी. हातावर पडलेला जांभळा डाग काही वेळात तपकिरी होतो. तो मँगनीज डायऑक्साइडचा थर असतो, आणि साबण कितीही घासला तरी जात नाही. आधी दाणे पाण्याने पूर्ण धुऊन टाकावेत आणि मग लिंबाची फोड किंवा पाण्यात विरघळवलेली क जीवनसत्त्वाची गोळी चोळावी. तपकिरी रंग पाहता पाहता उतरतो. हाच मँगनीज डायऑक्साइड भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीत धातुक म्हणून निघतो, आणि अशाच धातुकापासून परमँगनेट बनवायला सुरुवात होते.